झोपेत चालणारा हिरो आणि बाबांची घंटी

त्या हिवाळ्यात आमच्या उमरखेडच्या घरात रोज दुपारी दोन ते साडेचार एक माणूस झोपेत चालायचा. तो लॅपटॉपमध्ये होता. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, डोळे मिटलेले, दोन्ही हात पुढे केलेले. त्याच्यासोबत तिघं जणं: पोस्टमनची पिशवी अडकवलेली एक गोगलगाय, कापड फाटलेली एक छत्री आणि सदानकदा कुरकुर करणारी मातीची सुरई. हा झोपलेला माणूस गेमचा हिरो, आणि सबंध गेमभर त्याला जाग येऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. इतका भैताड, वेडगळ गेम मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

दुसऱ्या गेममध्ये अंगावर धावून येतात, गोळ्या सुटतात, आपली बोटं दुखतात. इथं सगळा कारभार बारीबारीनं. आपली बारी आली की पडद्यावर तीन शब्द यायचे: मार, बोल, थांब. तुम्ही त्यातला एक निवडेपर्यंत समोरचा दुश्मन आपल्या जागेवर हलकेच डुलत उभा राहायचा. पाच मिनिटं लावा, नाहीतर चहा पिऊन या. दुश्मन तरी कोण? कोंबडे, गजराची घड्याळं, वरातीतला बँडवाला, न सांगता मुक्कामी आलेली एक आत्या. सगळे मिळून हिरोची झोपमोड करायला टपलेले. इथं जीव नव्हता, रक्त नव्हतं. कोपऱ्यात एक निळी पट्टी होती, तिच्यात हिरोची झोप भरलेली. पट्टी रिकामी झाली की त्याचे डोळे उघडायचे, पडदा पांढरा व्हायचा आणि आपण थेट मागच्या विहिरीवर. कारण खेळ जपून ठेवायची सोय फक्त विहिरीवर, आणि विहिरी कोसाकोसावर.

गेम इंग्रजीत होता. मी नागपूरला एका क्लासमध्ये लोकांना इंग्रजी बोलायला शिकवायची, त्यामुळे मला अडचण नव्हती. पण बाबांसाठी मी सगळं आपल्या बोलीत सांगायची. गोगलगाय एखाद्या कोंबड्याला अदबीनं समजावत असली की माझ्या तोंडून निघायचं, "काहून वरडून राह्यला बाप्पा? माणूस झोपला हाय, दिसत नाही का तुले?" आई स्वयंपाकघरातून विचारायची, "थे गोगलगाय पुसदची हाय का वं?" बाबा हसायचे. म्हणजे, अर्धे हसायचे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. दिवाळी झाल्यावर एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू उतरली, आणि बोलणं गेलं. ऐकायला सगळं यायचं, समजायचंही सगळं. पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचा आणि बाहेर पडायचा तो नुसता आवाज. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहिले सहा महिने महत्त्वाचे. बोलणं यायचं असेल तर यातच येईल, नंतर कठीण. दोन, त्यांना लोकांत ठेवा, बोलायचा प्रयत्न करू द्या, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

मी मान डोलावली आणि घरी येऊन दोन्ही गोष्टींच्या उलट वागले.

माझा स्वभाव मला माहीत आहे. समोरचा अडखळला की माझ्या जिभेला खाज सुटते. क्लासमध्ये पोरंपोरी एखाद्या शब्दापाशी थांबली की मीच तो शब्द टाकून मोकळी. बाबांनी "पा" म्हटलं की मी "पाणी? पाय दुखतो? पांघरूण?" अशी माळच लावायची. पाचातला एखादा शब्द बरोबर निघायचा, मी खूश व्हायची, बाबा डोळे मिटायचे. नंतर नंतर त्यांनी "पा" म्हणणंही सोडलं. मला वाटलं, थकत असतील.

आणि लोकांचं म्हणाल तर, लोक यायचे. डेपोतली माणसं, विहारातल्या बाया, शेजारचे. सगळ्यात जास्त यायचे ते ड्रायव्हरकाका. बाबांच्या गाडीवर अकरा वर्षं त्यांची जोडी होती. त्यांना अजून वर्षभराची नोकरी होती. ड्युटी सुटली की खाकी कपड्यांतच दारात उभे: "हाय का आमचा कंडक्टर?" मी दार अर्धं धरून सांगायची, "झोपलेत." दर वेळी तेच. "आत्ताच डोळा लागला, काका." ते चपला न काढता परत जायचे. आतल्या खोलीत बाबा टक्क जागे असायचे आणि दाराआडचं सगळं त्यांना ऐकू जायचं.

मला लाज वाटायची. तेव्हा मी स्वतःला सांगायची, बाबांना त्रास नको. पण खोटं होतं ते. हनुवटीवर ओघळणारी लाळ, तो घशातून येणारा आवाज, हे बाहेरच्यांनी पाहू नये असं मला वाटायचं. ज्या माणसाच्या एका हाकेनं सबंध स्टँड मागं वळून पाहायचा त्याचा तसला आवाज लोकांनी ऐकावा, हे मला सहन होत नव्हतं.

गेम मी माझ्यासाठी आणला होता. बाबा आजारी पडल्यावर मी घरीच येऊन राहिले होते; सकाळचे ऑनलाइन क्लास संपले की दुपारी करायला काही नसायचं. बाबांच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून मी खेळत बसायची. ऊन खिडकीतून येऊन चादरीवर पडायचं. बाहेरून कापसाच्या ट्रॉल्या जिनिंग मिलकडे जायच्या आणि त्यांतून सुटलेले पुंजके विजेच्या तारांवर, बोरीच्या काट्यांवर, कधी आमच्या खिडकीच्या गजांवर येऊन बसायचे. लॅपटॉपमध्येही एक पांढरं, सावकाश गाव होतं, त्यात हिरो झोपेत चालत होता. कधीकधी मान वर केली की क्षणभर कळायचं नाही की खिडकीतलं गाव कुठलं आणि पडद्यावरचं कुठलं. खरं सांगते, मला ते आवडायचं. त्या दुपारी कोणी काही मागत नव्हतं.

एकदा एक बँडवाला समोर होता. मी चटकन 'मार' दाबायला गेले तेवढ्यात खाटेच्या लोखंडी पाइपावर टण् असा आवाज झाला. बाबांनी डाव्या हाताच्या अंगठीनं एक टोला दिला होता. माझं बोट हवेतच थांबलं. मी विचार केला नाही, बोटच थांबलं.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून उमरखेड ते यवतमाळ अशा कितीतरी फेऱ्या मारल्यात. दोरी ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजायची. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की चाल. हे मला अ आ ईच्या आधी आलं होतं.

मी 'थांब' निवडलं. बँडवाला बाजा फुंकून फुंकून दमला आणि मटकन खाली बसला. बाबांनी दोन टोले दिले, टण् टण्. पुढं चाल.

तेव्हापासून ते कंडक्टर आणि मी ड्रायव्हर. बटणं माझ्या हातात, घंटी त्यांच्या हातात. मी तिन्ही शब्दांवरून बोट फिरवायची, हवा तो आला की दोन टोले. चुकीचा असला की एक.

गेमनं मला वैताग फार दिला, तेही सांगितलं पाहिजे. गोगलगायीची बारी आली की ती खरोखर सरपटत दुश्मनापर्यंत जायची, आपलं म्हणणं मांडायची आणि सरपटत परत यायची. अख्खं एक मिनिट! ते पुढं ढकलायची काही सोय नाही. शब्दाऐवजी एखादी वस्तूही वापरता यायची, पण पिशवीत त्या फक्त पाच मावायच्या. उशी ठेवली तर घोंगडी टाका, घोंगडी ठेवली तर अंगाईची कॅसेट टाका. नकाशा सरळ खोटं बोलायचा. सुरई प्रत्येक लढाईत "मला तडा जाईल हो" हेच रडगाणं गायची. पहिल्यांदा हसू आलं, चाळिसाव्यांदा तिला फोडावीशी वाटली. आणि दोन तास खेळून विहिरीच्या दोन पावलं अलीकडं हिरो जागा झाला की सगळं पाण्यात! मी लॅपटॉप आपटायच्या बेतात असायची. बाबांना मात्र गोगलगायीचाच सगळ्यात लळा. ती निघाली की ते नजर हलवायचे नाहीत. ती पोचली की सुस्कारा सोडायचे.

आणि कधी ते स्वतः ठरवायला चारचार मिनिटं लावायचे. टोला नाही, काही नाही, नुसते बघत बसायचे. कोंबडा डुलतोय, छत्री उघडझाप करतेय, कोणाला घाई नाही. त्या महिन्यांत डॉक्टर, नर्स, मालीशवाला, आई, मी, सगळे त्यांच्या मागं घाई लावून होते. थांबायला तयार होता तो एकटा गेम. एवढं श्रेय मला त्याला द्यावंच लागेल.

पण फेब्रुवारी संपता संपता आई एकदा दारात उभी राहून म्हणाली, "दोन अडीच घंटे तुमी दोघं त्या डबड्यात तोंड घालून बसता. एक शब्द तरी निंगते का त्याईच्या तोंडातून?"

"टोले देतात ना. किती छान कळतं आम्हाला एकमेकांचं," मी म्हणाले.

"टोले दिऊन जलम काढन का माणूस?" आई म्हणाली. "पाचवा महिना लागला. तू त्याईचं तोंडच बंद करून टाकलं, पोरी. कोनी आलं का झोपले म्हनतं. मी बोललो नाही इतके दिवस, पन आता सांगतो."

मला इतका राग आला की मी दोन दिवस आईशी धड बोलले नाही. राग आला, कारण ती खरं बोलत होती.

त्याच आठवड्यात आम्ही शेवटच्या दारापाशी पोचलो. दारासमोर एक म्हातारा घंटीवाला उभा. त्याच्या हातात देवळात असते तेवढी मोठी घंटी. तो मारत नव्हता, काही नाही. आपल्या प्रत्येक बारीनंतर घंटी वाजवायचा आणि निळी पट्टी थोडी उतरायची. मी उशी वापरली, घोंगडी वापरली, अंगाई लावली, सुरईला पुढं केलं. तीन दुपारी आम्ही हरलो. दर वेळी पांढरा पडदा आणि विहीर.

बाबा एकच टोला देत होते. टण्. मी एका बारीला 'थांब' निवडायची आणि लगेच पुढच्या बारीला घोंगडी काढायची. पट्टी उतरत चाललेली, हात बांधून बसायचं कसं? टण्. ते जोरात वाजवायला लागले. टण्! मी म्हटलं, "अहो बाबा, थांबलो तर जागा होईल ना तो! हरू आपण!" त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं. "उ..." म्हणाले. गळ्याची शीर ताठली. "उ..."

"उशी? उशी वापरू का परत?"

त्यांनी तोंड मिटलं. माझ्याकडं असं पाहिलं की तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप आणला तर डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवण आईच्या हातून घेतलं. मी खोलीत आले की भिंत.

मी घाबरले. आता हे कायमचे भिंतीकडं वळले तर? सहा महिन्यांतले किती दिवस उरलेत ते मी बोटांवर मोजलं. रडले, मोरीत नळ सोडून रडले.

चौथ्या दुपारी मी लॅपटॉप त्यांच्या उशाशी ठेवला. म्हणाले, "बाबा, मी बटण दाबत नाही. मी बोलतही नाही. तुम्हीच सांगा." आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. हात मोकळे असते तर मी गप्प बसले नसते, मला माझी खात्री आहे.

घंटीवाला डुलत होता. गोगलगाय डोळे मिचकावत होती. मार, बोल, थांब. बाबांनी कूस वळवली. "उ..." म्हणाले. माझ्या जिभेवर सतरा शब्द येऊन उभे राहिले. मी दातांखाली जीभ धरली. बाहेरून एक ट्रॉली गेली, खिडकीचे गज थरथरले. ऊन चादरीवरून सरकून त्यांच्या मनगटावर आलं. "उत..." परत थांबले. लाळ ओघळली, मी पुसली नाही. किती वेळ गेला देव जाणे. मी मनातल्या मनात गोगलगायीसोबत सरपटत होते.

"उत... रू... दे."

मी हललेही नाही.

"त्याचं..." मोठा श्वास. "गाव... आलं."

अवं माय! तेव्हा कुठं मला कळलं. बाबांची एकच गोष्ट सबंध डेपोत प्रसिद्ध होती. त्यांच्या गाडीतला झोपलेला माणूस कधी आपल्या गावाच्या पुढं गेला नाही. कोण कुठं उतरणार हे ते लक्षात ठेवायचे, गाव आलं की एक घंटी मारायचे, मग सीटपाशी जाऊन खांद्याला हात लावायचे: "उठा, तुमचं गाव आलं." आई सांगायची, सुट्टीच्या दिवशी घरीही झोपेत बडबडायचे, उठा, तुमचं गाव आलं. आणि मी त्या माणसाला चार महिने सांगत होते की झोपलेल्याला झोपूच द्यायचं असतं.

मी 'थांब' निवडलं. परत 'थांब'. परत. घंटी वाजत राहिली, निळी पट्टी रिकामी झाली, हिरोचे डोळे उघडले, पडदा पांढरा झाला. मला वाटलं आता विहीर. विहीर आली नाही. लढून हरलं की विहीर, आपणहून थांबलं की दार, असा त्या चावट गेमचा शेवटचा कायदा होता. पांढऱ्यातून हळूहळू एक सकाळचं गाव दिसायला लागलं. कोणी अंगण झाडत होतं. हिरो उठून बसला, डोळे चोळले. गोगलगाय सरपटत, अख्खं एक मिनिट लावून त्याच्यापाशी गेली आणि पिशवीतून एक पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्याच्याच नावाचं पत्र होतं. इतका वेळ ती तेच घेऊन फिरत होती.

बाबा रडत होते आणि अर्धे हसत होते. आई धावत आली. मी तिला म्हटलं, "आई, बोलले! बाबा बोलले!" ती म्हणाली, "आयकलं मी. मी तं दाराआड उभी होतो." आणि पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली.

दोन दिवसांनी संध्याकाळी पाचच्या सुमारास दार वाजलं. ड्रायव्हरकाका. "हाय का आमचा कंडक्टर?"

सवय किती वाईट असते पाहा. माझं तोंड आपोआप उघडलं. "झोप..."

आतून पाइपावर टोला पडला. टण्. मी थांबले. काकाही थांबले, त्यांचा एक पाय पायरीवर, एक खाली. मग आतून आवाज आला, जाडा, ओला, तुटका, गल्लीत कोणालाही ऐकू जाईल एवढा मोठा.

"नाही... झोपलो... मी."

मी दार पूर्ण उघडलं. काकांनी चपला काढल्या. आत जाऊन खाटेच्या कडेवर बसले, बाबांचा डावा हात हातात घेतला. आईनं चहा टाकला. बाबांनी तोंड उघडलं. "य..."

"यवतमाळ?" काका घाईनं म्हणाले. "यवतमाळलेच जातो मी, थेच गाडी, सकायची..."

मी खाटेच्या पाइपावर बांगडीनं एक टोला दिला. टण्.

काका जिथल्या तिथं गप्प झाले. अकरा वर्षं त्यांनी ती घंटी ऐकली होती. चहा उकळून खाली उतरला, कपात आला, त्यावर साय धरली. कोणी कप उचलला नाही. मी खिडकीच्या गजावरचा कापूस बघत बसले.

"यवत... माळ..." बाबा म्हणाले, "गाडी... टाइम... वर... हाय... का?"

"नाही बावा," काका म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तू गेल्यापासून रोज लेट हाय."